एंडपॉइंट सिक्युरिटीचं नवीन व्हर्जन पडल्यापासून डीएससी टोकन चालेना, ऑटो अपडेट बंदच ठेवावं का?

जमाखर्च_सांगली

नमस्कार मंडळी. सांगलीत एका सीए ऑफिसमध्ये आहे, काम हिशेबाचं पण कॉम्प्युटरचं काही झालं की माझ्याकडेच येतं कारण बघणारं दुसरं कुणी नाही. एकूण १४ मशीन, ५ विंडोज ११ वर, ९ अजून विंडोज १० वर, आणि टॅलीचा डेटा एका जुन्या पीसीवर शेअर करून ठेवलाय, त्यालाच आम्ही सर्व्हर म्हणतो.

मागच्या महिन्यात अँटिव्हायरसचं रिन्युअल झालं. वेंडर म्हणाला आता नुसतं अँटिव्हायरस राहिलं नाही, एंडपॉइंट सिक्युरिटी आहे, क्लाउडवर कन्सोल मिळेल, रॅन्समवेअर रोलबॅक (फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस आला तर फाइली परत आणणं), डिव्हाइस कंट्रोल (मशीनला काय लावू द्यायचं ते ठरवणं), टॅम्पर प्रोटेक्शन (अँटिव्हायरस कुणाला बंद करू न देणं), आणि वरचा प्लॅन घेतला तर ईडीआर (मशीनमधल्या हालचालींवर नजर) पण. सरांनी साधा प्लॅन घेतला. १९ तारखेला दुपारी जेवून आलो तर चौदाही मशीनवर नवीन व्हर्जन आपोआप पडलेलं. डीएससीचं, म्हणजे डिजिटल सहीचं, टोकन लावलं की कोपऱ्यात लाल चौकोन, "डिव्हाइस ब्लॉक केले आहे". दुसऱ्या दिवशी जीएसटीच्या ३बी रिटर्नची शेवटची तारीख, कंपनीवाल्या क्लायंटच्या सह्या बाकी, आणि टॅलीत लेजर उघडायला मिनिट मिनिट लागायला लागलं. क्लायंट समोर खुर्चीत बसलेला, मी टोकन काढतोय, पुसतोय, दुसऱ्या पोर्टला लावतोय.

वेंडरच्या मुलाने रिमोट घेऊन डिव्हाइस कंट्रोल पूर्ण बंद केलं आणि सगळा डी ड्राइव्ह एक्सक्लुजनमध्ये, म्हणजे स्कॅनमधून वगळायच्या यादीत, टाकला. टॅली परत पळायला लागलं, टोकनपण चाललं, फक्त एका मशीनवर अजून इमसायनर (पोर्टलवर टोकनने सही करायचं सॉफ्टवेअर) कनेक्ट होत नाही. काम निभावलं पण मला हे बरोबर वाटत नाहीये. सर म्हणतात २०२४ ला अपडेटमुळे विमानं अडकली होती ना, मग आपण सगळे ऑटो अपडेट बंदच करून टाकू. हे बरोबर आहे का? आणि ईडीआर आमच्यासारख्यांना लागतं का?

पॅच_मंगळवार

दादा, आधी त्या डी ड्राइव्हचं एक्सक्लुजन काढा, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल. त्याचा अर्थ असा की डी मध्ये काहीही येऊन बसलं तरी स्कॅनर तिकडे बघणारच नाही, आणि तुमचा सगळा क्लायंट डेटा बहुतेक तिथेच असणार.

टॅली स्लो झालं ते का, तर डेटाच्या फाइली शेअरवरून सात-आठ जण सतत उघडबंद करत असतात आणि नवीन व्हर्जन प्रत्येक वेळी ती फाइल युजरच्या पीसीवरपण तपासतं आणि सर्व्हरवरपण, म्हणजे एकाच गोष्टीची दोनदा झडती. त्यामुळे युजरच्या मशीनवर नेटवर्क शेअरचं स्कॅनिंग बंद करा, सर्व्हरवर फक्त टॅलीच्या डेटाचं फोल्डर रिअल टाइम स्कॅनमधून वगळा, तेवढंच. रॅन्समवेअर प्रोटेक्शनची यादी बहुतेक प्रॉडक्टमध्ये वेगळी असते, तिथून ते फोल्डर वगळायचं नाही, उलट तिथे टॅलीला परवानगी असलेला प्रोग्राम म्हणून टाकायचं. म्हणजे टॅली लिहू शकेल, दुसरं कुणी लिहायला गेलं तर अडेल.

टोकनचं कारण बघा. बऱ्याच टोकनमध्ये ड्रायव्हर टाकण्यासाठी एक छोटी सीडी ड्राइव्ह दिसते, माय कॉम्प्युटरमध्ये तुम्हीपण बघितली असेल. डिव्हाइस कंट्रोलला वाटतं कुणीतरी स्टोरेज लावलं, आणि स्टोरेज ब्लॉक ही नवीन व्हर्जनची डीफॉल्ट पॉलिसी असणार. फीचर बंद करू नका, डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन टोकनचा हार्डवेअर आयडी घ्या आणि तेवढाच कन्सोलमध्ये अलाउ करा. पेनड्राइव्ह ब्लॉकच राहू दे. इमसायनर लोकलहोस्टच्या, म्हणजे त्याच मशीनच्या, १५८५ पोर्टवर स्वतःच्या सर्टिफिकेटने बोलतो, वेब प्रोटेक्शन एचटीटीपीएस तपासत असेल तर मधे अडवू शकतं, लोकलहोस्ट त्यातून वगळून बघा.

आता सरांचा मुद्दा. १९ जुलै २०२४ ला काय झालं ते नीट समजून घ्यायला हवं कारण त्यातून लोकांनी नेमका उलटा धडा घेतलाय. क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी कंपनीच्या चॅनल फाइल २९१ मध्ये गडबड होती, नवीन नियमाला २१ इनपुट लागत होते आणि सेन्सरचा, म्हणजे मशीनवर बसवलेल्या त्यांच्या प्रोग्रामचा, कोड देत होता २०, एकविसावा वाचायला गेला तो मेमरीच्या हद्दीबाहेर, आणि सेन्सर विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे अगदी गाभ्यात, चालत असल्यामुळे आख्खं मशीनच निळा स्क्रीन येऊन बंद. साधारण ८५ लाख मशीन. कंपनीने ७८ मिनिटांत फाइल मागे घेतली पण तोपर्यंत ज्यांनी ती घेतली त्यांचं मशीन चालूच होईना. आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले होते. आणि महत्त्वाचं म्हणजे ज्यांनी मुद्दाम एक-दोन व्हर्जन मागे राहायचं सेटिंग केलं होतं तेपण पडले, कारण ते सेटिंग सेन्सरच्या व्हर्जनला लागू होतं, ही फाइल कंटेंट अपडेटमधून, म्हणजे नियमांच्या अपडेटमधून, सगळ्यांना एकदम गेली. त्यानंतरच कंटेंट अपडेट टप्प्याटप्प्याने घ्यायचा पर्याय ग्राहकाला मिळाला.

तर अपडेट ही एकच गोष्ट नाही हो. व्हायरसच्या व्याख्या, म्हणजे ते ओळखायच्या खुणा, दिवसातून अनेकदा येतात, त्या बंद केल्या तर पैसे कशाला भरलेत? प्रोग्रामचं व्हर्जन मात्र सगळ्यांवर एकदम टाकायचं नाही. कन्सोलमध्ये ग्रुप करा, पहिल्या ग्रुपमध्ये दोन मशीन, एक विंडोज १० एक ११, दोन्हीवर टॅली आणि टोकन असलेली. तिथे आठवडा काढा, मग बाकीचे, आणि टॅलीचा पीसी सगळ्यात शेवटी. तारीखपण तुम्हीच ठरवा, ११ आणि २० या रिटर्नच्या तारखांच्या आसपास काहीच हलवायचं नाही.

अजून एक विचारतो, विंडोज ११ वाल्या मशीनवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू आहे का आणि असेल तर रिकव्हरी की कुठे लिहून ठेवल्यात? त्या जुलैत सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल डिलीट करायची एवढाच इलाज होता, पण खूप जण तिथेच अडकले कारण मशीनने रिकव्हरी की मागितली आणि ती बंद पडलेल्या सर्व्हरवरच होती.

अक्षरजुळणी_कोल्हापूर

पॅच_मंगळवार यांनी एक्सक्लुजनबद्दल लिहिलंय ते माझ्या अंगावर आलेलं आहे म्हणून लिहिते. आमचं डीटीपी आणि छपाईचं दुकान. लोक पत्रिका, फ्लेक्स, अहवालाचा मजकूर पेनड्राइव्हवर आणतात, शॉर्टकट व्हायरस तर आमच्याकडे रोजचाच, फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसतो आणि गिऱ्हाईक म्हणतं ताई माझी फाइल कुठं गेली. तेव्हा एका मुलाने डिझाइनचं सॉफ्टवेअर क्रॅक करून टाकलं होतं, त्या क्रॅकसोबतच सूचना होती की अँटिव्हायरस बंद करा आणि हे फोल्डर वगळा. वगळलं. दोन दिवसांनी सकाळी मशीन चालू केलं तर प्रत्येक फाइलच्या नावाला मागे चार अनोळखी अक्षरं, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये पैसे मागणारी एक टेक्स्ट फाइल. अकरा वर्षांच्या पत्रिकांचे साचे होते हो त्यात, नक्षी, गणपतीची चित्रं, एकेक माझ्या हाताने काढलेलं. बॅकअपची हार्ड डिस्क त्याच मशीनला लावलेली असायची, तीपण गेली.

आता सॉफ्टवेअर विकतचं, पेनड्राइव्हसाठी एक वेगळं जुनं मशीन जे दुकानाच्या नेटवर्कला जोडलेलंच नाही, आणि बॅकअपची डिस्क संध्याकाळी लावायची, कॉपी झाली की काढून कपाटात. तुमचा रोलबॅक असला तरी हे कराच. मी वेंडरला विचारलं होतं की रोलबॅक कुठून आणतं, तर आमच्यावाल्यात ते विंडोजच्या शॅडो कॉपीवर, म्हणजे विंडोजने ठेवलेल्या फाइलींच्या जुन्या प्रतींवर, चालतं, आणि हे व्हायरस सगळ्यात आधी त्या शॅडो कॉपीच उडवतात. काही कंपन्या स्वतःची वेगळी कॉपी जपून ठेवतात म्हणे, तुमच्याकडे कुठलं आहे ते लेखी विचारून घ्या.

उरणचा_क्लिअरिंगवाला

सीए ऑफिस म्हणून सांगावंसं वाटलं. २०१७ च्या जूनअखेरीस न्हावा शेव्याला एका टर्मिनलची सिस्टीम नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने बसली होती, तेव्हा मी कागदपत्रं घेऊन फिरायचो. कंटेनर कुठं ठेवलाय ते स्क्रीनवर दिसेना, सगळं हाताने, गेटबाहेर ट्रेलरची रांग आणि ड्रायव्हर गाडीखाली सावलीला झोपलेले. ते नॉटपेट्या आलं कुठून तर युक्रेनमधल्या एमईडॉक नावाच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. तिकडे कर भरायला बहुतेक कंपन्या तेच वापरायच्या. म्हणजे क्रॅक नाही, अनोळखी मेल नाही, रीतसर सॉफ्टवेअरचं रीतसर अपडेट. पुढे पसरलं ते मशीनमधले ॲडमिन पासवर्ड उचलून आणि विंडोजच्या ज्या भोकाचा पॅच मार्चमध्येच आला होता त्यातून. म्हणून चौदा मशीनला एकच ॲडमिन पासवर्ड असेल तर तो आजच बदला, एक मशीन पडलं की बाकीची तेरा त्याच किल्लीने उघडतात.

रात्रपाळी_सपोर्ट

ईडीआरबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो, मी दिवसभर हेच अलर्ट बघतो.

साधं अँटिव्हायरस फाइलकडे बघतं, ओळखीची वाईट फाइल दिसली की अडवतं. ईडीआर वागणुकीची नोंद ठेवतं. समजा "जीएसटी नोटीस" नावाची झिप आली, कुणीतरी उघडली, त्यातल्या स्क्रिप्टने पॉवरशेल चालू केलं, पॉवरशेलने बाहेरून काहीतरी उतरवलं. यातली एकेक पायरी विंडोजच्याच प्रोग्रामने केलेली, त्यामुळे फाइल म्हणून बघितलं तर सगळं साजूक. ईडीआरमध्ये ते झाडासारखं दिसतं, कुणी कुणाला जन्माला घातलं ते, आणि तिथेच आयसोलेट दाबलं की त्या मशीनचं नेटवर्क तुटतं, फक्त कन्सोलशी बोलणं चालू राहतं. फार कामाचं आहे, पण बघणारा माणूस पाहिजे. रात्री दोनला अलर्ट आला आणि सकाळी दहाला बघितला तर मधले आठ तास त्यांचे. त्यामुळे बघणारी टीम सोबत मिळत असेल तर घ्या, नुसतं ईडीआर घेऊन ठेवण्यापेक्षा ते पैसे मी तुमच्या जागी विंडोज १० वाल्या मशीनवर घालेन.

कारण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अँटिव्हायरस कंपन्या पुढेही व्याख्या देत राहतील, खुद्द मायक्रोसॉफ्टपण डिफेंडरच्या व्याख्या २०२८ पर्यंत देणार आहे, पण त्याने विंडोजमधलं भोक बुजत नाही. एकतर वाढीव अपडेटचं लायसन्स घ्या, नाहीतर टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि आठव्या पिढीचा इंटेल किंवा पुढचा प्रोसेसर असेल ती मशीन ११ वर न्या.

टॅम्पर प्रोटेक्शनला हात लावू नका. हल्लेखोर आत आल्यावर पहिलं काम अँटिव्हायरस मारणं, त्यासाठी ते सही असलेला पण जुना भोक पडलेला ड्रायव्हर सोबत घेऊन येतात आणि कर्नलमध्ये घुसतात. २०२० ला रॉबिनहूड रॅन्समवेअरने गिगाबाइटचा जुना ड्रायव्हर असाच वापरला. विंडोज ११ मध्ये अशा ड्रायव्हरची बंदीयादी असते आणि कोअर आयसोलेशनमध्ये मेमरी इंटिग्रिटी असते, चालू करून बघा. एखादा जुना ड्रायव्हर आडवा आला तर त्याचं नाव तिथेच दिसेल, टोकनचा असेल तर नवीन टाका.

आणि सर घरून काम करतात का? रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट राउटरवर थेट उघडा असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवून तो आधी बंद करा.

जमाखर्च_सांगली

सगळ्यांचे खरंच आभार, ताई तुमचं वाचून तर त्याच संध्याकाळी थांबून काम केलं.

डी ड्राइव्ह काढला, फक्त टॅलीचं डेटा फोल्डर ठेवलं, युजरकडचं शेअर स्कॅनिंग बंद केलं. लेजर आता लगेच उघडतंय. टोकनचं अगदी बरोबर निघालं, सीडी ड्राइव्हच ब्लॉक होत होती. आमच्याकडे दोन प्रकारची टोकन आहेत, दोन्हीचे आयडी कन्सोलमध्ये टाकले, डिव्हाइस कंट्रोल परत चालू, पेनड्राइव्ह लावून बघितला तर अडतोय.

३३८९ उघडा होता. लॉकडाउननंतरच कुणीतरी करून दिला असणार, कुणाला आठवत पण नाही. इव्हेंट व्ह्यूअर उघडून बघितलं तर ४६२५ च्या ओळीच ओळी, चुकीच्या लॉगिनच्या, मिनिटाला आठ-दहा, युजरचं नाव कधी ॲडमिन, कधी टॅली, कधी अकाउंट्स. सरांना बोलावून दाखवलं. ते बराच वेळ स्क्रोल करत बसले आणि मग म्हणाले अपडेटचं तू म्हणतोस तसं कर. पोर्ट बंद केलाय, व्हीपीएन बसवतोय, ॲडमिन पासवर्ड प्रत्येक मशीनला वेगळा केलाय.

९ पैकी ४ मशीन विंडोज ११ ला चालतील, ५ जुनी आहेत. आणि त्या एका मशीनवर इमसायनर अजून रुसलंय, लोकलहोस्ट वगळून पण.

पॅच_मंगळवार

एवढे प्रयत्न दिसले म्हणजे आधी कुणी आत येऊन गेलंय का तेपण बघा, ४६२४ मध्ये, म्हणजे यशस्वी लॉगिनमध्ये, लॉगऑन टाइप १० (रिमोट डेस्कटॉपवरून आलेलं) शोधा, रात्रीच्या वेळेचं किंवा बाहेरच्या आयपीवरून काही दिसलं तर ते मशीन नेटवर्कवरून काढा आणि इथे लिहा. लॉग एक्स्पोर्ट करून ठेवा, जुन्या ओळी पुसल्या जातात.

इमसायनरसाठी त्या मशीनवर १५८५ पोर्ट दुसऱ्याच कुणी धरलाय का ते नेटस्टॅट कमांडने बघा. आणि इमसायनर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवताय ना?

जमाखर्च_सांगली

टाइप १० मध्ये फक्त सरांचेच लॉगिन, त्यांच्या घरच्या आयपीवरून, वेळा त्यांना विचारून जुळवल्या. लॉग फक्त एकवीस दिवसांचे मिळाले, तेवढे ठेवलेत.

इमसायनरचं सापडलं, जुन्या व्हर्जनची एक कॉपी स्टार्टअपमध्ये होती, तिनेच पोर्ट धरलेला. काढली, नवीन चालू केली, सही झाली.