गुहागरचं घर भाड्याने देताना स्वतःची माहिती किती द्यायची?

नमस्कार मंडळी,
आई गेल्यापासून आमचं गुहागरचं घर बंद आहे, खारी हवा कड्याकोयंडे खातेय, म्हणून भाड्याने द्यायचं ठरवलंय. इकडे टेक्सासमधलं माझं छोटं घर एलएलसीच्या, म्हणजे माझ्याच एका छोट्या कंपनीच्या, नावावर आहे, भाडेकरूला माझं नावही ठाऊक नाही. तिकडे तसं जमेल का? मावसभाऊ म्हणतो माझ्या नावावर कर, तुझं नाव कुठे येणारच नाही. आणि एजंट व्हॉट्सॲपवर आधार, पॅन, पासपोर्ट सगळ्याचे फोटो मागतोय.

---

ताई, मावसभावाचं मुळीच ऐकू नका. घर खरं तुमचं आणि कागदावर त्याचं, असं करायला गेलात तर बेनामीचं लचांड मागे लागेल, 2016 च्या दुरुस्तीनंतर त्यात सात वर्षांपर्यंत कैद आहे. आणि खरोखर बक्षीसपत्र केलंत तर घरच गेलं हातचं. कंपनी काढलीत तरी डायरेक्टरची नावं सरकारी साइटवर दिसतात, आणि सातबारा तर घरबसल्या कोणीही बघतो, आपल्या कोकणात त्यावर सगळ्या भाऊबंदांची नावं असतात ती वेगळीच. तेव्हा नाव दिसणारच हे धरून चाला आणि पत्ता, फोन, आधार नंबर एवढं जपा. मावसभावाला किंवा दुसऱ्या भरवशाच्या माणसाला नुसतं मुखत्यारपत्र द्या, करारात पत्ता त्याच्या मार्फत घाला, फोन त्याचाच. एजंटाला मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. पासपोर्टचा फोटो त्याला कशाला हवा? भाड्यासाठी वेगळं एनआरओ खातं (परदेशी राहणाऱ्यांचं इथल्या उत्पन्नासाठीचं बँक खातं) ठेवा, बाकीची बचत त्यात नको.

---

काका, खूप आभार. मग रजिस्टर न करता नुसत्या स्टँप पेपरवर केलं तर? तेवढीच कमी लोकांच्या हातात माहिती.

---

अजिबात नको! 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 बघा, लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे घर वापरायला देण्याचा करार, रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची आहे, आणि रजिस्टर केलेला करार नसेल तर वाद झाल्यावर उलटं सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरतात. तुम्ही इतक्या लांब, कोर्टात काय सिद्ध करणार? आणि पॅन मात्र भाडेकरूला द्यावाच लागेल, एनआरआय मालकाच्या भाड्यातून 30 टक्के आणि वर सेस असा टीडीएस त्यालाच कापून भरायचा असतो, हे त्याला आधीच सांगा, नाहीतर पहिल्याच महिन्यात कुरबुर सुरू होते.