विषय: लीजमधलं ३४ वं कलम: सही केली म्हणजे ज्युरी गेलीच का?

नमस्कार मंडळी,
गणपतीच्या वर्गणीच्या मेलांत मध्येच घुसते, माफ करा. बाथरूमच्या छताला काळी बुरशी धरलीय. तीन महिने मेल करतेय, घरमालक ढिम्म. शेवटी या महिन्याचं भाडं अडवलं, तर परवा दाराला ‘भाडं भर नाहीतर घर सोड’ अशी तीन दिवसांची नोटीस! मैत्रीण म्हणते, कोर्टात गेलं तर ज्युरी माग, म्हणजे निकाल न्यायाधीशाऐवजी सामान्य नागरिक देतील. पण लीजच्या (भाडेकराराच्या) ३४व्या कलमात ‘दोन्ही पक्ष ज्युरीचा हक्क सोडत आहेत’ असं छापलंय, खाली माझीच सही.
— फ्रीमाँट, कॅलिफोर्नियाहून

अगं, ते कलम रद्दीत घाल. भांडण उभं राहण्याआधीच ज्युरी सोडल्याची सही कॅलिफोर्नियात चालत नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली ग्राफ्टन खटल्यात तसं सांगितलंय. राहत्या घराच्या लीजला तर वेगळा कायदाच आहे. बुरशीचं म्हणशील, तर ‘घर राहण्याजोगं नव्हतं’ हा बचाव १९७४च्या ग्रीन निकालापासून घेता येतो. अडवलेलं भाडं मात्र खर्चू नकोस हं.

मेख पुढे आहे. ज्युरी आपण मागावी लागते. समन्स हातात पडल्यावर उत्तराला कोर्टाचे १० कामाचे दिवस (२०२५ आधी पाचच होते). मग सुनावणीच्या किमान ५ दिवस आधी ज्युरीच्या फीचे १५० डॉलर भरायचे. ऐपत नसेल तर फीमाफीचा अर्ज. तारीख हुकली की हक्क सोडल्यात जमा, पुढे न्यायाधीशांची मर्जी.

ज्युरी म्हटलं की आमच्या पिढीला मुंबईचा नानावटी खून खटला आठवतो, ज्युरीचा कौल आठ विरुद्ध एक. इथे बारांतले नऊ एका बाजूला आले की झालं. मी एकदा बसलोय अशा ज्युरीवर. भाडेकरूने मापाला बुरशीशेजारी क्वार्टर (२५ सेंटचं नाणं) धरून फोटो काढले होते. वकिलांची भाषणं विसरलो, ते नाणं अजून डोळ्यांसमोर आहे.

लीजमध्ये वकिलाच्या फीचं कलम असेल तर हरल्यावर त्यांचाही खर्च बोकांडी बसू शकतो, तेव्हा आधी वकील गाठ. आणि नोटीस नुसती दाराला? मग टपालानेही प्रत यायला हवी.
— सनीव्हेलचा काका

न्यू जर्सीतल्या एडिसनला आलो तरी ही मेलिंग लिस्ट सुटत नाही. इकडच्यांनो, काकांचं गणित इथे लावू नका. न्यू जर्सीत घर खाली करण्याचा नेहमीचा दावा ज्युरीविना चालतो, एकटे न्यायाधीश ऐकतात. अमेरिकेच्या संविधानातला दिवाणी ज्युरीचा हक्क राज्यांच्या कोर्टांना लागू नाही, म्हणून दर राज्याची तऱ्हा वेगळी.
— एडिसनहून

काका, टपालपेटी आत्ता उघडून आले. पिझ्झाची दोन कुपनं, बाकी काही नाही. उद्या क्वार्टर घेऊन स्टुलावर चढते.
— फ्रीमाँटहून