मांडवीचा पूल सेन्सरने वाचला असता?

काहींचं म्हणणं आहे की, १९८६ साली कोसळलेल्या गोव्यातल्या मांडवी पुलावर कंपनं मोजणारे सेन्सर असते तर आधीच कळलं असतं. मला तसं वाटत नाही. तिथे काँक्रीटच्या आतल्या ताणलेल्या तारा गंजल्या होत्या. काँक्रीटला तडे जाईपर्यंत अशा गर्डरची (पुलाच्या तुळईची) वारंवारिता, म्हणजे तो सेकंदाला किती वेळा थरथरतो ते, फारशी हलत नाही. उलट उन्हानेच ती खालीवर होते, खनिजाचा भरलेला ट्रक गेला की आणखी वेगळीच.

मांडवीवरच्याच नव्या अटल सेतूची गोष्ट निराळी, त्याला पेलणाऱ्या केबल बाहेर आहेत. ताण १० टक्के उतरला तर केबलची वारंवारिता साधारण ५ टक्के घसरते, आणि वाहतूक न थांबवता कंपनं मोजणारा अ‍ॅक्सिलरोमीटर ते पकडतो. जुन्या पुलांखाली मात्र होडी घालून गंजाचे डाग बघणारा माणूसच हवा, तोही पावसाळ्याआधी.