लीड्सहून रेल्वेने यॉर्कला गेल्यावर दुपारी जेवावे कुठे?

पूर्णा जंक्शन (जि. परभणी)

नमस्कार मंडळी. मी रेल्वेतून निवृत्त झालो असून येत्या जूनमध्ये आम्ही उभयता लीड्सला मुलाकडे दोन महिन्यांसाठी जाणार आहोत. मुलगा आणि सूनबाई दोघेही नोकरी करतात, त्यामुळे एक दिवस आम्ही दोघांनीच रेल्वेने यॉर्क पाहून यावे असे ठरले आहे. गाडी अर्ध्या तासाच्या आत पोहोचवते आणि दिवसभर गाड्या असतात, म्हणून प्रवासाची काळजी मला नाही; काळजी आहे ती दुपारच्या जेवणाची. मी स्वतः अंडी आणि मासळी खातो. सौभाग्यवती मात्र अंडेही खात नाहीत आणि पदार्थात काय काय घातले आहे हे कळल्याशिवाय घास उचलत नाहीत. मनमाडला किंवा आमच्या पूर्णेला गाडी थांबली की चहा-वडे खिडकीशी येतात, तशी रीत तिकडे नाही हे मला ठाऊक आहे. मुलगा म्हणतो, "बाबा, तुम्ही फिश अँड चिप्स (तळलेली मासळी आणि बटाट्याच्या तळलेल्या फोडी) घ्या, आईला नुसते चिप्स द्या, काम भागेल." हे खरे आहे काय? माझा गुडघा अलीकडे कुरकुर करतो, तेव्हा स्टेशनापासून फार लांबचे ठिकाण सुचवू नये ही विनंती.

गोदाकाठ (नांदेड)

काका, आपल्या चिरंजीवांचा सल्ला इंग्लंडच्या दक्षिणेकडे बहुधा चालून गेला असता, पण यॉर्कशायरमध्ये तो काकूंसाठी अजिबात उपयोगाचा नाही. त्या भागातील जुन्या पद्धतीची अनेक दुकाने मासे आणि चिप्स तेलात न तळता बीफ ड्रिपिंगमध्ये, म्हणजे गोमांसाच्या चरबीत तळतात, आणि ती लपवण्याची गोष्ट नसून चवीची खूण मानली जात असल्यामुळे कित्येकदा दुकानाच्या काचेवर तसे अभिमानाने लिहिलेलेही असते. म्हणजे "नुसता बटाटा तर आहे" असे समजून आपण जे मागवतो, ते शाकाहारी नसण्याची शक्यता मोठी असते. काही दुकानांत वनस्पती तेलाची वेगळी कढई असते. पण ते विचारूनच घ्यावे. आपण स्वतः मासळी खाणार असलात तरी हा प्रश्न आपल्यालाही लागू आहे, कारण कढई तीच.

यॉर्कशायर पुडिंग हा तिथला मानाचा पदार्थ. नाव गोड असले तरी तो गोड नाही आणि त्यात अंडे असतेच. शिवाय साचाही परंपरेने त्याच चरबीने माखलेला असतो. यॉर्कमध्ये हे पुडिंग पोळीसारखे चपटे करून त्यात भाजलेले मांस गुंडाळून विकतात, ते दोघांनीही टाळावे.

आता काकूंसाठी खरी उपयोगाची गोष्ट सांगतो. तिकडे "व्हेजिटेरियन" म्हटले की त्यात अंडे धरलेले असते. आपल्या अर्थाने शाकाहारी, म्हणजे दूध चालते पण अंडे नाही, अशी वेगळी खूण तिकडे प्रचलित नाही; म्हणून "व्हीगन" (प्राण्यांपासून मिळणारे काहीच नसलेले) लिहिलेले घेणे निर्धास्त, मग त्यात दूध नसले तरी हरकत नाही. कारखान्यात बंद झालेल्या पाकिटावर घटकांची यादी आधीपासूनच असे, पण दुकानातच भरून ठेवलेल्या सँडविचवरही ती पूर्ण छापणे ऑक्टोबर 2021 पासून बंधनकारक झाले आहे, आणि अंडे, दूध, तीळ, शेंगदाणे धरून चौदा घटक त्या यादीत उठून दिसतील असे छापावे लागतात. जिथे स्वयंपाकी नजरेस पडत नाही तिथे हे लेबलच आपला स्वयंपाकी, असे मी मानतो. बसून गरम खायचे असेल तर साध्या कॅफेत जॅकेट पोटॅटो मागवावा. सालासकट भट्टीत भाजलेला मोठा बटाटा, त्यावर लोणी आणि घेवड्याच्या दाण्यांचा टोमॅटोतला, किंचित गोडसर रस्सा, असे त्याचे रूप असते. आपल्या जिभेला तो अळणी वाटेल, म्हणून पर्समध्ये लसणाच्या चटणीची पुडी असू द्यावी.

मांजराकाठची (लातूर)

मी दोन वर्षांपूर्वी लेकीकडे गेले असताना यॉर्कला तीन वेळा जाऊन आले आणि तिन्ही वेळा घरचेच खाल्ले, याचे मला काही कमीपण वाटले नाही. लीड्सच्या भारतीय दुकानांत ज्वारीचे पीठ मिळते. त्याचे धपाटे सकाळी करून फडक्यात बांधले की संध्याकाळपर्यंत मऊ राहतात. इथून निघताना मात्र पेढे, तूप, खवा असे काही बॅगेत भरू नका, कारण भारतातून दूध-दुभत्याचे पदार्थ नेण्यास तिकडे मनाई आहे.

जागा मी सांगते. स्टेशनाबाहेर पडून तटबंदीच्या कडेने चालत गेले की ऊझ नदीवरचा लेंडल पूल लागतो (नदीचे नाव कानाला जवळजवळ "ऊस" असेच ऐकू येते, आम्ही लातूरकर त्यावर फार हसलो). पूल ओलांडताच डाव्या हाताला म्युझियम गार्डन्स नावाची बाग आहे. सावकाश चालले तरी दहा-बारा मिनिटे लागतात, चढ जवळजवळ नाही, प्रवेशासाठी पैसे नाहीत. सेंट मेरीज ॲबी या जुन्या मठाचे भग्न खांब तिथे उभे आहेत, हिरवळ आहे, बाके आहेत, आणि दुपारी कचेरीतले लोकही आपापले डबे घेऊन तिथेच बसलेले असतात. खारी मात्र धीट आहेत, धपाटा हातात धरूनच खावा. पाऊस आला तर परतीच्या गाडीत डबा उघडावा. गाडीत घरचे खाण्याला कोणी नाक मुरडत नाही.

वेरूळचा वाटसरू (छत्रपती संभाजीनगर)

ताईंचे म्हणणे मान्य आहे, परंतु इतक्या लांब जाऊन केवळ धपाटे खाऊन परतणे मला पटत नाही. निदान चहा तरी बाहेर घ्यावा, आणि तो सेंट हेलेन्स चौकातील बेटीज या चहागृहात. एका स्विस मिठाईवाल्याने 1919 मध्ये हॅरोगेट येथे सुरू केलेल्या दुकानाची ही यॉर्कमधील शाखा असून दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानदलातील तरुण येथे जमत. त्यांनी हिऱ्याच्या टोकाने ज्या आरशावर आपली नावे कोरली तो आरसा आजही तेथे जपलेला आहे. दुपारी बाहेर लांब रांग असते, तेव्हा सकाळी उघडल्या-उघडल्या जावे, अन्यथा जाऊच नये. दुखरा गुडघा घेऊन तासभर उभे राहावे एवढे त्या चहात काही नाही. काकूंनी तेथे चहावरच समाधान मानावे, कारण केकमध्ये बहुधा अंडे असते.

आणखी दोन गोष्टी. पबमध्ये जेवायचे झाल्यास टेबलाशी कोणी विचारायला येईल म्हणून वाट पाहू नये. काउंटरवर जाऊन टेबलाचा क्रमांक सांगावा, पैसे भरावेत आणि पिण्यासाठी "टॅप वॉटर" मागावे, ते फुकट द्यावे लागते. अनेक ठिकाणी दुपारचे स्वयंपाकघर दोन-अडीचच्या सुमारास बंद होते. "इंडियन" पाटी पाहून भरवसा ठेवू नये, कारण त्यांतली बरीच उपाहारगृहे संध्याकाळीच उघडतात.

काका, आपण रेल्वेतले म्हणून सांगतो: स्टेशनामागेच राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे, प्रवेश विनामूल्य. 1938 मध्ये ताशी 126 मैल, म्हणजे सुमारे 203 किलोमीटर वेग गाठणारे मॅलार्ड हे वाफेचे इंजिन तेथे उभे आहे. आत कॅफेही आहे. आपण तेथे शिरलात की जेवणाचा प्रश्न आपोआप मागे पडेल, अशी मला दाट शंका आहे.

पूर्णा जंक्शन (जि. परभणी)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सौभाग्यवतींचा कौल धपाट्यांना मिळाला आहे, सकाळचा चहा बेटीजमध्ये आणि दुपारनंतर संग्रहालय, असे ठरले. चिप्सची हकीकत काल रात्री फोनवर मुलाला सांगितली. तो पाच वर्षांपासून दर शुक्रवारी कोपऱ्यावरच्या दुकानातून तेच चिप्स आणतो आहे. थोडा वेळ काहीच बोलला नाही, मग हळूच म्हणाला, "बाबा, हे आईला सांगू नका." फोन स्पीकरवर होता आणि त्याची आई शेजारीच बसली होती.