व्यू कारे कॉकटेल: कोन्याक चवीला लागतच नाही, काय चुकतंय?

कडूजिरे:
राय (व्हिस्की) ३०, कोन्याक (फ्रेंच ब्रँडी) ३०, स्वीट व्हर्मुथ (मसाल्याची गोड वाइन) ३०, बेनेडिक्टीन १५, हिरवी शार्त्रूज १० मिली (या दोन्ही वनस्पतींच्या गोड लिकर). अँगोस्टुरा आणि पेशो बिटर्स (कडू अर्क) २-२ थेंब. राय ४०% अल्कोहोलची आहे. प्यायला गोडमिट्ट, आणि कोन्याकचा पत्ताच नाही. कोन्याक ४५ करू का? शार्त्रूज मात्र हवीच आहे.

बर्फाचा खडा:
कोन्याकला हात लावू नका, घोळ लिकरचा आहे. न्यू ऑर्लिन्सच्या हॉटेल माँटेलिओनमध्ये बारटेंडर वॉल्टर बर्जरॉनने १९३०च्या दशकात हे कॉकटेल बसवलं, त्यात तिन्ही मुख्य घटक समान आणि बेनेडिक्टीन जेमतेम एक बारस्पून, म्हणजे ५ मिली. तुमच्या दोन्ही लिकर मिळून २५ होतात, शिवाय व्हर्मुथची साखर वेगळीच.

शार्त्रूज हवी तर बेनेडिक्टीन २.५ आणि शार्त्रूज २.५, व्हर्मुथ २५ वर आणा. हिरवी ५५%ची आणि तिखट, ती कोन्याकला बोलूच देत नाही. पिवळी ४३%ची, मधाच्या अंगाची. इथे मी तीच घेईन. राय मात्र ५०%ची बघा. रायने मसाला आणि कणा द्यायचा, कोन्याकने फळ आणि गोलाई. राय मिळमिळीत असली की व्हर्मुथ दोघांनाही गिळते.

ढवळ्या:
वरचं पटलं, पण पाण्याचंही बघा. फ्रीजरमधून काढून बाहेर घाम फुटलेले छोटे खडे वापरले तर पेय पुरेसं गार होण्याआधीच पातळ होतं. मिक्सिंग ग्लास आधी गार करा, बर्फ मोठा आणि कोरडा, द्रवाच्या वरपर्यंत. चमच्याची पाठ काचेला टेकवून २५-३० सेकंद फिरवा. खडखडाट झाला तर हात चुकतोय. ९०-९५ मिलीचं साधारण १२० व्हायला हवं, एकदा मापून बघाच. शेकरमध्ये घालून हलवू नका, पेय गढूळ होतं आणि अंगही जातं.

कडूजिरे:
व्हर्मुथ उघडून चार महिने झालेत, कपाटात आहे. चालेल?

बर्फाचा खडा:
नाही हो! ती शेवटी वाइनच. उघडल्यावर फ्रीजमध्ये, महिन्या-दीड महिन्यात संपवायची. ही आता स्वयंपाकात घाला.

ढवळ्या:
आणि पेशो संपलं तर त्याजागी अँगोस्टुरा दुप्पट करू नका, लवंग-दालचिनीच पुढे येते. पेशोचं काम बडीशेपेच्या वासाचं आहे. लिंबाची साल ग्लासवर पिळायची, पांढरा भाग न घेता.