चालू प्रोग्रॅममधून मॉड्यूल पूर्णपणे उतरत नाही

प्रश्न :
नमस्कार. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्यासाठी मी मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेट ८ या प्रणालीत प्रोग्रॅम लिहिला आहे. माग दिवसपाळी आणि रात्रपाळी दोन्हींत चालत असल्याने तो बंद ठेवता येत नाही. म्हणून नगावरच्या मजुरीचा हिशेब वेगळ्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे स्वतंत्र डीएलएल फाइलमध्ये, ठेवला, जेणेकरून दर बदलले की तेवढीच फाइल बदलता येईल. हे मॉड्यूल ज्या कप्प्यात चढते तो असेंब्लीलोडकॉन्टेक्स्ट कलेक्टिबल, म्हणजे उतरवता येण्याजोगा, केला आहे आणि अनलोडही करतो, तरी विंडोज जुनी फाइल वापरात असल्याचे सांगते आणि दर बदलागणिक मेमरी वाढते. चूक कुठे असावी?

उत्तर १ :
अनलोड ही केवळ विनंती असते. जुन्या डॉट नेट फ्रेमवर्कमध्ये अ‍ॅपडोमेन (प्रोग्रॅममधील वेगळा कप्पा) उतरवताना त्यातील थ्रेड (समांतर चालणारी कामे) जबरदस्तीने थांबवले जात; इथे तसे होत नाही. मॉड्यूलमधील एखादी वस्तू, टाइप किंवा डेलिगेट (मेथडचा संदर्भ) बाहेर कोणी धरून ठेवले असेल, तर संपूर्ण कॉन्टेक्स्ट जिवंत राहतो. माझा पहिला संशय इव्हेंटवर, म्हणजे काही घडले की सूचना देणाऱ्या जोडणीवर, आहे. मॉड्यूल मुख्य प्रोग्रॅमच्या इव्हेंटला जोडले गेले, की मुख्य प्रोग्रॅमच मॉड्यूलला धरून बसतो आणि नेमकी हीच उलटी दिशा आपल्या लक्षात येत नाही. मॉड्यूलला ‘थांबा’ अशी स्वतंत्र मेथड द्या. तिने इव्हेंट सोडावेत, टायमर बंद करावेत, चालू टास्क संपेपर्यंत वाट पाहावी आणि त्यानंतरच मुख्य प्रोग्रॅमने अनलोड करावे.

प्रश्नकर्ता :
आपला संशय खरा ठरला; पाळी बदलल्याच्या इव्हेंटची जोडणी तशीच राहिली होती. ती काढली, तरी डीबग बिल्डमध्ये (चुका शोधण्यासाठीच्या आवृत्तीत) कॉन्टेक्स्ट सुटत नाही.

उत्तर २ :
डीबग बिल्डमध्ये लोकल व्हेरिएबल मेथड संपेपर्यंत जिवंत राहतात. मॉड्यूल चढवणे, वापरणे आणि उतरवणे हे सारे नोइनलायनिंग (मेथड दुसरीत मिसळू न देणारी खूण) लावलेल्या वेगळ्या मेथडमध्ये ठेवा आणि बाहेर फक्त वीकरेफरन्स (वस्तूला धरून न ठेवणारा संदर्भ) आणा. मग जीसी (मेमरी साफ करणारा गार्बेज कलेक्टर) कलेक्ट आणि वेटफॉरपेंडिंगफायनलायझर्स काही वेळा चालवून इजअलाइव्ह, म्हणजे कॉन्टेक्स्ट अजून जिवंत आहे का, तपासा. मात्र हे चाचणीपुरतेच, कारखान्यातील प्रोग्रॅममध्ये ही सक्ती नको. फाइल अडकू नये म्हणून ती मार्गावरून न चढवता बाइट वाचून लोडफ्रॉमस्ट्रीमने चढवा. सामायिक इंटरफेसची डीएलएल मुख्य कॉन्टेक्स्टमध्येच राहू द्या. ती मॉड्यूलसोबत पुन्हा चढली, तर नाव तेच असूनही टाइप वेगळा ठरतो आणि कास्ट (एका टाइपची वस्तू दुसऱ्या टाइपची म्हणून वापरणे) फसतो.

प्रश्नकर्ता :
दुसऱ्याच फेरीत वीकरेफरन्स रिकामा झाला. प्रोग्रॅम चालू असतानाच नव्या दरांची फाइल बदलता आली. दोघांचेही मनापासून आभार.