फ्यूजनवर सरकारनं पैसा घालावा का?

गोदाकाठ:
१९५५ साली जिनिव्हाच्या अणुपरिषदेत अध्यक्षपदावरून होमी भाभा म्हणाले होते, की फ्यूजनची, म्हणजे हलकी अणुकेंद्रं एकत्र जोडून निघणारी, ऊर्जा काबूत आणायची रीत दोन दशकांत सापडेल. सत्तर वर्षं होऊन गेली. फ्रान्समधल्या इटर या सात भागीदारांच्या फ्यूजन प्रकल्पाचं वेळापत्रक २०२४ मध्ये पुन्हा पुढे गेलं. आता संशोधन २०३४ ला सुरू होणार आणि ड्युटेरियम-ट्रिटियम या हायड्रोजनच्या जड रूपांचं खरं इंधन घालून प्रयोग २०३९ ला. तरी माझं मत ठाम आहे, पैसा घालायलाच हवा. इटरमध्ये आपला वाटा साधारण नऊ टक्के, तोही मुख्यतः यंत्रसामग्रीच्या रूपात. त्यातून तयार होणारं ज्ञान मात्र सातही भागीदारांना खुलं. गुजरातेत हजिऱ्याला एल अँड टीनं इटरसाठी ३,८५० टनांचा क्रायोस्टॅट, म्हणजे यंत्राचं बाहेरचं थंड कवच, घडवला, ते कसब आपल्याकडेच राहिलं.

रानवाट:
आमच्याकडे शेतीपंपाला निम्मा आठवडा रात्रीचीच वीज. वडील सत्तरीचे, बॅटरी घेऊन दारं धरायला जातात. पायाखाली साप आहे की काठी, कळत नाही. इटरला तर जनित्रच नाही! ५० मेगावॅट ओतून ५०० मेगावॅट उष्णता, एवढंच उद्दिष्ट. २०२२ मध्ये अमेरिकेत लेसरच्या फ्यूजन प्रयोगात २.०५ मेगाज्यूल घालून ३.१५ मिळाले म्हणून केवढा गाजावाजा झाला. ते लेसर पेटवायला तारेतून तीनशेच्या आसपास मेगाज्यूल ओढले होते, हे कोण सांगणार? हाच पैसा सौर फीडरला, म्हणजे शेतीपंपांना सौर वीज देणाऱ्या वाहिनीला, द्या, बाबा दिवसा पाणी देतील.

गोदाकाठ:
दिवसा वीज मिळायलाच हवी, त्यात दुमत नाही. पण सौर फीडरचं तंत्र तयार आहे, त्याला बँक कर्ज देते. तीस वर्षांनी फळ देणाऱ्या यंत्राला कोण देईल? तिथे सरकारच लागतं.

ठिणगी:
मी वेल्डिंग तपासणीत आहे, हजिऱ्याच्या कामाचं मोल मला कळतं. पण गोदाकाठ, क्रायोस्टॅट म्हणजे थर्मास. चुंबकं उणे २६९ अंशांवर राहावीत म्हणून बाहेरून घातलेला. आतली चूल पेटती ठेवायची विद्या तो बनवून येत नाही. ती गांधीनगरला शिकायची. तिथे १९८९ ला आदित्य हे फ्यूजनच्या प्रयोगाचं यंत्र सुरू झालं, पुढच्या एसएसटी-१ यंत्रात पहिला प्लाझ्मा, म्हणजे फ्यूजनसाठी लागणारा अतितप्त वायू, २०१३ ला आला. पुढचं मोठं यंत्र कुठाय? आणि ट्रिटियम? दर १२.३ वर्षांनी निम्मं होतं, निसर्गात साठा नाही, लिथियमपासून करावं लागेल. आपल्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांत ते थोडं आपोआप तयार होतं, तारापूरच्या ३ आणि ४ मध्येसुद्धा. इथे घाला पैसा. फ्रान्सला सुटे भाग पाठवून आपण चांगले कंत्राटदार होऊ, फार तर.

रानवाट:
ठिणगी, हे पटण्यासारखं आहे. निदान पैसा इथल्या पोरांच्या हातात जाईल. पण दर पाच वर्षांनी काय साधलं, काय फसलं, ते मराठीत छापून गावापर्यंत येऊ द्या. तोवर माझा विरोध नोंदवून ठेवा.